धाकट्याची होडी

ती. ताईस,

तुझ्या पंडित भावाचा साष्टांग नमस्कार. तब्येत बरी आहे, वेळेवर जेवतो. धाकट्याच्या खोलीत राहून त्याचीच होडी चालवायला शिकतो आहे. रागावू नकोस, तरंगायचं जाकीट घालूनच बसतो. जाकिटाशी माझा समास लगेच होतो, विग्रह करायला मात्र दोन माणसं लागतात.

म्हातारा नावाडी शिकवतो. "मास्तर, लाटेला बाजू देऊ नका. नाक तिरकं धरा, वेग कमी करा. आणि काही झालं तरी उठायचं नाही!" इतका मठ्ठ विद्यार्थी त्याला आजवर भेटलेला नाही. सगळ्यांत हुशार आपला धाकटा होता म्हणतो.

तू दोनदा विचारलंस, एवढा तरबेज माणूस बुडाला कसा? मी वाऱ्यावर ढकललं. ते अर्धंच खरं होतं. वारा होता, पण तो लाटा नीट कापत धक्क्याजवळ आला होता. मी भेटायला येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. मी धक्क्यावरून हाक मारली आणि मला पाहताच तो उठून उभा राहिला. मोठा भाऊ आला की उठायचं, हे लहानपणी मीच छडी घेऊन शिकवलं होतं. चाळिशीतही विसरला नाही गं. त्याच क्षणी लाट आली.

आईला एवढं सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

पुढच्या महिन्यात येतो. पोरांना बजावून ठेव, मामा दारात दिसला तरी कोणीही जागचं हलायचं नाही.

तुझा,
भाऊ