बायकोच्या बोटाचं माप

३ मार्च
ठरलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, सतरा तारखेला, बायकोला चांदीची अंगठी. विकतची नाही. डिझाइन माझं, रेझिनचा नमुना माझ्या थ्री-डी प्रिंटरवर, सोनाराने त्यावरून फक्त चांदी ओतायची. मेव्हण्याला सांगून टाकलं. तो हसला. हसू दे.

५ मार्च
बायकोच्या बोटाचं माप घेतलं. कॅलिपरने. साडेसोळा मिलिमीटर. भाजी चिरताना सारखी हलत होती, तरी अचूक.

६ मार्च, सकाळ
पहिला नमुना! मशीनमधून काढला, धुतला, मोजला. बरोब्बर साडेसोळा. मेव्हण्याला फोटो पाठवला.

संध्याकाळ
नमुना निळ्या दिव्याखाली कडक केला. आता पेरावर अडकतोय. बायकोचं बोट सुजलंय. तसं सांगितलं.

८ मार्च
दुसरा नमुना, तीच रड. बोट नक्की वाढतंय. जेवणात मीठ कमी कर म्हटलं. तेव्हापासून फक्त माझं जेवण अळणी.

९ मार्च
मुलगी म्हणते, बाबा, दिव्याखाली रेझिन आकसतं, माहितीपत्रकात लिहिलंय, थोडी मोठी काढा. म्हणजे मुद्दाम चुकीचं माप द्यायचं? माझ्या तत्त्वात बसत नाही. कडक झाल्यावर पुन्हा मोजा, असंही म्हणाली. कशाला? धुतल्यावर मोजलाय की!

१२ मार्च
नमुना सोनाराकडे. तो म्हणाला, चांदीही थंड होताना आकसते, जरा सैल ठेवा. सगळे एकाच माळेचे मणी. बायकोला म्हटलं, उद्या उपाशीपोटी बोट मोजू. कॅलिपर कुणीतरी लपवलाय.

१७ मार्च
सगळ्यांसमोर अंगठी घातली. पेरापुढे जाईना. वयानुसार बोटं जाड होतात, असं मी समजावून सांगितलं. बायको उठली, कपाटातून लग्नातली सोन्याची अंगठी आणली आणि त्याच बोटात घातली. सरकन बसली. मेव्हण्याला खोकल्याची उबळ आली. माझा पार पोपट झाला.

मग तिने ती काढून ठेवली, माझी उचलली, करंगळीत घातली. म्हणाली, अहो, राहू द्या, मला आवडली. तिथे जरा सैल होते, तर आतून दोरा गुंडाळला. भांडी घासतानाही काढली नाही. मला भरून आलं.

शांतपणे विचार केला. पंचवीस वर्षांत सोनं थोडं प्रसरण पावत असावं. कॅलिपर सापडला की मोजतो.