ओळ संपली की

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आता कुठे मी तुमची चूक सांगायला बसले आहे. ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता.

पिठाच्या गिरणीवरच्या तुमच्या क्लासात मी टाइपिंग शिकले. मी बोटांकडे पाहिलं की तुम्ही माझ्या हातांवर रुमाल टाकायचात. "बोटं पळून जात नाहीत, समोर बघ!" सातपूरच्या कितीतरी कंपन्यांत तुमच्या मुली चिकटल्या. मग सगळीकडे कॉम्प्युटर आले आणि तुमची मशिनं भंगारात गेली.

मी तेव्हा इंदिरानगरच्या घरातूनच परदेशातली कामं घेत होते. साहेबाचं तोंड कधी पाहिलं नाही, सगळं इमेलवर. तुम्ही बघायला आलात आणि उभ्या उभ्याच म्हणालात, "म्हणजे स्वैपाकघराला लागून ऑफिस? अगं, बायकांचं भलं होणार बघ यात." मग जरा थांबून, "मला देशील काही? हाताला काम नसलं की चैन पडत नाही गं." तुम्ही माझ्याकडे मागताय, याचीच मला लाज वाटली. जुन्या हस्तलिखितांची पानं टाइप करायचं काम होतं, ते तुम्हाला दिलं. कॉम्प्युटर तुमच्या मुलाने घेऊन दिलेलाच होता.

पहिली फ्लॉपी घेऊन तुम्ही आलात. एका अक्षराची चूक नाही. फक्त प्रत्येक ओळ संपली की तुम्ही एंटर दाबला होता, टाइपरायटरची दांडी ओढावी तसा. कॉम्प्युटरवर ओळ आपली आपण खाली उतरते, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिकडे असं तुटक काम चालत नसे. मी सांगायला हवं होतं, पण तुमच्यापुढे माझी दातखीळ बसायची. मी एकेक एंटर खोडत राहिले आणि तुम्ही विचारलंत की म्हणायचे, "साहेब खूश आहे, बाई." तुमचा चेहरा असा फुलायचा, की पुढचं बोलणं राहूनच जायचं.

सहा महिन्यांनी कामं वाढली आणि ते खोडणं मला झेपेना. तुम्हाला फोन करून सांगितलं, साहेबाने काम बंद केलं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही रिक्षाने येता. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. "परक्या मुलखातली माणसं ती, त्यांचं काय! तू खचू नकोस हं. माझं सोड, पण तुझा संसार आहे." माझ्या पाठीवरून हात फिरवता. मला रडू फुटतं आणि तुम्हाला वाटतं, गेलेल्या कामापायीच.

हे पत्र टाकू तरी कोणत्या पत्त्यावर? कपाटातच राहील. पण काम बंद झालं नव्हतं, बाई. जिन्यात तुमचा आवाज आला तेव्हा त्याच कामाचं पान माझ्यासमोर उघडं होतं. मी आधी मॉनिटर बंद केला, मग दार उघडलं.