मागच्या बाकाचं प्रशिक्षण

१० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, कारण तुझे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात असतात. उचललास तर मला बोलू देत नाहीस. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की मला शिकवता येत नाही. इतकी वर्षं विद्यापीठात गणित शिकवतोय, पण हे कुणी बोललं नव्हतं. परवा विभागप्रमुखांनी बोलावून अगदी मायेने सांगितलं की माझी प्राध्यापकपदाची बढती जवळजवळ झाल्यातच जमा आहे, फक्त अध्यापक विकास प्रशिक्षण तेवढं राहिलंय. दोन आठवडे, परगावी, आणि तेही भर सत्रात. उद्याच निघायचंय. मी विचारलं की मग माझे तास कोण घेणार. ते म्हणाले की तासांचं काय, होतील कसेतरी. म्हणजे शिकवावं कसं हे शिकण्यासाठी आधी शिकवणं बंद करायचं. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

तुझी लेक मजेत आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात अगदी मागच्या बाकावर बसते आणि खाली मान घालून लिहीत असते. घरी जिच्या बडबडीमुळे आपण तिचं नाव रेडिओ ठेवलं ती हीच का, असा मला प्रश्न पडतो. गणिताने माणूस गंभीर होतो, चांगलं लक्षण आहे. मी तिचा मामा असल्याचं तिने वर्गात कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही सांगितलं नसतं.

लोभ आहेच. तो कसा वाढवावा याचं प्रशिक्षण अजून निघालेलं नाही, तोवर आहे तेवढा सांभाळ.

तुझा,
बाळ

१६ ऑगस्ट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी पन्नाशी उलटली तरी मी तुला बाळ म्हणते, म्हणून तुझी बढती अडली असेल तर मला माफ कर.

रेडिओ मजेत नाही. वसतिगृहातून तिचं पत्र आलंय की महिनाअखेरीस प्रवेश रद्द करून घरी येते, माझी खोली रिकामी कर. तिच्या खोलीत मी दवाखान्यातली जुनी पेशंटची खुर्ची ठेवली आहे, ती काढायला सांगितलीय. कारण विचारलं तर म्हणते गणित आपल्याच्याने होत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरांशी खेळत जिने बालपण घालवलं, ती पोर असं म्हणते. मला रडू आलं, बाळ. पेशंट बसलेला होता म्हणून आवरलं.

तुझ्याबद्दल तिची काही तक्रार नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. ती म्हणते मामा फार छान शिकवतो. तो 'समजलं ना?' विचारतो, सगळे माना डोलावतात, आणि तो पुढे जातो. फक्त मलाच समजत नाही, म्हणजे दोष माझाच. सर्वांदेखत विचारायची तिला लाज वाटते. आणि उद्या नातं कळलं तर मामाने लाड केले म्हणतील, ही भीती वेगळीच.

माझ्या पेशंटलाही बोलता येत नाही, तोंडात माझी हत्यारं असतात. म्हणून मी आधीच सांगते की दुखलं की डावा हात वर करा. मग माझा एक डोळा दातावर आणि दुसरा त्या हातावर. तुझी अक्कलदाढ काढताना तर तू भूल द्यायच्या आधीच दोन्ही हात वर केले होतेस.

महिना संपायच्या आत काहीतरी कर. मोठी बहीण म्हणून सांगत नाही, तिची आई म्हणून हात जोडते.

तुझी,
ताई

२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्या मिळाल्या वसतिगृहात फोन केला. ती म्हणाली, हो मामा, सगळं ठीक आहे. माझ्या वर्गातही ती असंच ठीक असते, हे आता कळतंय.

मी इथल्या प्रशिक्षणाच्या संयोजकांकडे दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. भाची शिक्षण सोडायला निघालीय, तिला भेटून येतो म्हणालो. त्यांनी मान हलवून सहानुभूती दाखवली आणि सांगितलं की नेमका तोच दिवस सोडता येणार नाही, त्या दिवशी 'विद्यार्थी शिक्षण का सोडतात' हे सत्र आहे आणि त्याला हजेरी सक्तीची आहे. मी बसलो. विद्यार्थी शिक्षण का सोडतात ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर चिकटवलं. माझी चिठ्ठी सारखी खाली पडत होती.

इथे प्रत्येकाने पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, अशी पद्धत आहे. कोणी उशिरा येणारा, कोणी शंकेखोर. मला मिळाला मागच्या बाकावरचा गप्प विद्यार्थी. मी म्हटलं वा, झोप काढू. पण रसायनशास्त्राचे एक गृहस्थ खरंच चांगलं शिकवत होते, आणि मधेच एका ठिकाणी माझी गाडी अडली. विचारावं तर भूमिका गप्प राहायची. त्यांनी 'समजलं ना?' म्हटलं, शंकेखोरासकट सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ताई, मीही डोलावली. त्यांनी फळा पुसला. पुढचा तासभर मी खाली मान घालून लिहीत होतो. काय लिहीत होतो ते मला विचारू नकोस.

संध्याकाळी टाळ्यांच्या गजरात माझा सत्कार झाला. उत्कृष्ट विद्यार्थी म्हणून.

परवा परततो. तोवर खुर्ची हलवू नकोस, एवढी कृपा कर.

तुझा,
बाळ

३० ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मामाला प्रशिक्षणात काय खायला घातलं देव जाणे. पहिल्या दिवशी तो वर्गात चेंडू घेऊन आला. ज्याच्याकडे चेंडू जाईल त्याने उत्तर द्यायचं म्हणे. चेंडू खिडकीतून थेट खाली, कुलसचिवांच्या गाडीवर. मग त्याने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. पुढच्या बाकावरचे कुजबुजले की सरांची तब्येत बरी नसावी. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच जाऊन प्रवेश रद्द करायचा असं ठरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी तो नुसता खडू घेऊन आला. दोन ओळी लिहिल्या, सवयीने 'समजलं ना?' म्हणाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण तो पुढे गेलाच नाही. खडू खाली ठेवला आणि म्हणाला, "ज्यांना दुखतंय, त्यांनी डावा हात वर करा."

वर्गाला वाटलं आता मात्र डॉक्टरच बोलवावा लागणार. मला एकटीलाच कळलं. आई, तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, आणि घाईही करत नव्हता. मग माझा हात वर गेला. त्याने कुठून दुखतंय विचारलं, तर मी म्हटलं सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून, गणितातली सीमा, ते लिमिट, म्हणजे काय तिथून. सगळे हसले. मला वाटलं, संपलं. पण खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला, मग त्याच्या शेजारणीने, आणि नंतर मी बघायचंच सोडलं. पुढच्या बाकावरचेसुद्धा होते गं.

मामाने फळा पुसला आणि पहिल्या आठवड्यापासून सुरू केलं. तास संपल्यावर मी इतकी बडबडले की मैत्रिणीने विचारलं, तुला बोलता येतं होय? तो माझा मामा आहे हेही सांगून टाकलं.

कार्यालयात मी गेले नाही. तुझी खुर्ची आहे तिथेच असू दे.

तुझी,
रेडिओ

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेडिओ आता तासाला थांबता थांबत नाही. पुन्हा तिला गप्प कसं करायचं, याचं प्रशिक्षण असेल तर कळव.

वर्ग मागे गेल्यामुळे अभ्यासक्रम काही वेळेत संपत नाही. विभागप्रमुखांनी बोलावून मायेनेच सांगितलं की 'अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करण्याची कौशल्यं' यावर पुढच्या महिन्यात आणखी एक प्रशिक्षण आहे, परगावी, आणि तेही भर सत्रात. त्याशिवाय बढतीचा विचार होणार नाही. मी म्हणालो की मग नका करू, माझा वर्ग अर्ध्यावर आहे. ते म्हणाले की अजून नीट समजून घ्या, आणि त्या प्रशिक्षणाचे फायदे सांगू लागले. बराच वेळ सांगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "समजलं ना?"

मी डावा हात वर केला.

त्यांनी फाईल मिटली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

लोभ असू दे. बढती नसली तरी चालेल.

तुझा,
बाळ