पोईच्या दोरीवरचे दिवे

२२ सप्टेंबर, सोमवार
आज सकाळी देवपूजा आटोपून चैत्राच्या पोईला हात घातला. पोई म्हणजे दोरीच्या टोकाला चेंडू; दोन हातांत दोन घेऊन गरागरा फिरवायचे. वर्षभर लेक हे शिकतेय. दसऱ्याला आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानावर कार्यक्रम. दोरीवर दिवे हवेत, नसतील तर मैदानात उतरायचं नाही, असं पुनीत मास्तरांनी बजावलंय. बाकीच्या पोरींनी तयार दिवे आणले. मी म्हटलं, घरात माणूस असताना विकत कशाला? बावीस वर्षं गणपतीला दिव्यांच्या माळांचे सिरियल सेट लावतोय. एकदाही कुणाला शॉक नाही. २०११ सोडून.
वेदवती म्हणाली, अहो, गणपती एका जागी बसतो. ही फिरवणार आहे.
बायकोला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२४ सप्टेंबर
नियम केले. एक, तार उघडी नको. दोन, बॅटरी मुठीपाशी, घट्ट. तीन, गळ्याला, केसांना काही अडकता कामा नये. सुवाच्य अक्षरात लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवले. काम उद्यापासून.

२६ सप्टेंबर
काल एकादशी नव्हती, तरी उपास धरला. म्हणून काम आज.
बारीक तार दोरीला गुंडाळली, वरून टेप. सुंदर दिसलं. दहाव्या फेरीला मुठीपाशी तार तुटली. फिरवताना तिथे पीळ पडतो. मला अंदाज होताच, खात्री करून घेतली. आता जाड तार. बॅटरी चेंडूजवळ नेली. नियम दोनमध्ये दुरुस्ती केली.

२८ सप्टेंबर, रविवार
प्रॅक्टिसला स्वतः गेलो. टेप सुटला, बॅटरी उडाली, शेजारी उभ्या सुप्रीताच्या खांद्यावर बसली. खांदा सुजला. पुनीत कन्नडमध्ये बरंच बोलले. सार इतकंच की सर, एखाद्या पोरीचा डोळा जाईल. मी म्हटलं, गेला नाही ना.
घरी आल्यावर चैत्रा म्हणाली, अप्पा, घाई बेडा, घाई नको, तुम्ही सावकाश करा.
धीर आला. पोरीचा माझ्यावर विश्वास आहे.

३० सप्टेंबर
बॅटरीला टेपऐवजी कापडी पिशवी. वेदवतीनं शिवली, माप माझं. एक सैल झाली. चैत्राला म्हटलं फिरवून बघ. उद्या बघते म्हणाली. कालही उद्याच म्हणाली होती. पोरगी शांत आहे, हे चांगलं.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा
पणजोबा इथल्या संस्थानच्या महाराजांच्या फौजेत होते. त्यांची तलवार, वेदवतीची विळी, माझी स्कूटर आणि यंदा पोई. सगळ्यांना हळदकुंकू. पोईला जरा जास्त, अडचण मोठी म्हणून. वरून तीर्थ शिंपडलं.
संध्याकाळी शेवटची तालीम होती. पण पुजलेलं आयुध दशमीच्या आरतीपर्यंत उचलत नाहीत. हे चैत्राला कसं सांगावं या काळजीत होतो. ती नुसतं बरं अप्पा म्हणाली. वाद नाही, रडणं नाही. घरचं वळण.

२ ऑक्टोबर, विजयादशमी. सकाळी ७
आरती केली. बटण दाबलं. एक पोई पेटलीच नाही. दुसरीच्या पिशवीत ओल्या कुंकवाचा चिखल. बॅटरी फुगलेली, बोटाला चटका बसला. वाळूच्या बादलीत टाकली. सेफ्टीच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

दुपारी २
तासभर बोट पाण्यात धरून बसलो. हीच बॅटरी तिच्या डोक्याभोवती फिरली असती.
पुनीतना जाऊन सांगतो, चूक माझी आहे, तिला साध्या दोऱ्यांवर उतरू द्या.

संध्याकाळी ६
गेलो. हात जोडून सांगितलं. पुनीत अवघडले. म्हणाले, सर, चैत्रानं रविवारीच नाव काढून घेतलं. घरी सांगू नका म्हणाली. अप्पा खुशीत आहेत, करू द्या त्यांना.
परतताना मैदानावरचे ढोल ऐकू येत होते. विजयनगर भागातल्या चढावर स्कूटर थांबवली. तिथे एक गोष्ट ठरवली.
चैत्रा स्वयंपाकघरात नारळ खवत होती. तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सांगितलं, पोरी, मला हे येत नाही. पहिल्या दिवशीही येत नव्हतं.