हात मांडीखाली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून पुरती वाकत नाही, तेव्हा तूर्त कागदावरच मानून घे. कारण पुढे येईलच.) गुडघा कसा आहे? टाके काढले का? भावोजींना चहा जमायला लागला, की तू उठायची वाट बघत दिवस काढतायत? आम्ही इथे सगळे मजेत आहोत. तुझं पत्र पोचलं. त्यातलं "तू मात्र येऊ नकोस" हे वाक्य तू इतकं दाबून लिहिलं आहेस की कागद उलटा केला तरी बोटाला लागतं. मागच्या आजारपणात मी तुला चमच्याने भरवलं, वेणी घालून दिली आणि तू न्हाणीघरात गेलीस की दाराशी उभी राहून "झालं का गं" विचारत राहिले, याचा तुला एवढा राग आला असेल असं वाटलं नव्हतं. बाकीचं सोड, पण चमच्यात मला आजही काही गैर दिसत नाही. असो. मी त्यासाठी हे पत्र लिहीतच नाहीये.

पत्रास कारण की, आमच्या पाळणाघरातल्या सगळ्याजणींना बाईंनी प्रशिक्षणाला पिटाळलं. (बाई म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या, ज्यांना मुलांचा लळा आहे आणि आमचा नाही.) उभा जन्म मुलांची नाकं पुसण्यात गेल्यावर आता मला कोण काय शिकवणार, असं मी म्हणून बघितलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की जी पास होणार नाही तिची रवानगी लहान मुलांच्या खोलीतून कोठीच्या खोलीत. ताई, कोठीच्या खोलीत साबण, दुपटी आणि फिनेलच्या बाटल्या असतात. त्यांच्याशी मी काय बोलणार? माझी ती दुडदुडणारी मंडळी सकाळी दार उघडलं की माझ्या पायांना येऊन बिलगतात. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कसंबसं रडू आवरलं, आणि मग निमूटपणे प्रशिक्षणाला नाव दिलं.

प्रशिक्षण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं आणि बसायला बालवर्गाच्या खुर्च्या होत्या. मुलांच्या उंचीवरून जग बघा, असं शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं. मी बघितलं. त्या उंचीवरून फक्त लोकांचे गुडघे दिसतात, त्यामुळे तुझी फार आठवण आली. या बाईंचं नाव आम्ही पहिल्याच दिवशी थांबाबाई ठेवलं, कारण त्यांच्या शिकवण्याचा सगळा अर्क तेवढाच. मूल काही करायला धडपडत असेल तर मध्ये पडू नका. थांबा, बघा. हात फारच शिवशिवायला लागले तर ते मांडीखाली घेऊन त्यावर बसा. ऐकायला सोपं वाटतं. मग आमच्या जोड्या लावल्या, एकाने मूल व्हायचं आणि दुसऱ्याने पाळणाघरातली ताई. माझ्या वाट्याला दुसऱ्या पाळणाघरातले एक मिशीवाले गृहस्थ आले. त्यांनी दोन वर्षांचं मूल होऊन मोजा घालायचा होता आणि मी नुसतं बघायचं होतं. गृहस्थांच्या अंगात कला असावी. त्यांनी मोजा आधी हातात घातला, मग कानाला लावून बघितला, मग त्याची टाच पायाच्या वरच्या बाजूला आणून मुसमुसायला लागले. पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांत मोजे होते, माझा रुमाल त्यांच्या नाकाला होता, आणि मी "शिंकर" म्हटल्यावर ते बिचारे शिंकरलेही होते. सगळा हॉल हसला, एक थांबाबाई सोडून.

तिथेच संपलं असतं तर बरं. पण चहाच्या वेळी थांबाबाईंच्या हनुवटीला बिस्किटाचा कण लागला होता. (तोच रुमाल होता, पण दुसरी बाजू.) त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुमची परीक्षा मी तुमच्याच खोलीत येऊन घेईन.

मग मी घरी सराव सुरू केला. तुझे मेहुणे डोक्यावर सरकवलेला चष्मा घरभर शोधत होते आणि मी समोर हात मांडीखाली घेऊन बसले. कपाटं झाली, उशांखाली बघून झालं, तरी मी गप्प. त्यांना वाटलं मी कशावरून तरी रागावले आहे. त्यांनी मुकाट्याने सगळी भांडी घासून टाकली. प्रशिक्षणाचे फायदे आहेत हे मला तेव्हाच पटलं.

परीक्षेच्या दिवशी थांबाबाई भिंतीला टेकून बसल्या आणि नेमकी गोगलगायीची बूट घालायची वेळ झाली. ही आमच्याकडची सगळ्यात सावकाश मुलगी, खाली पडली तरी सावकाश पडते. रोज तिचे बूट मीच घालते, नाहीतर संध्याकाळ होईल. मी तिच्या समोर छोट्या खुर्चीत बसले आणि हात मांडीखाली घेतले. तिने पाय पुढे केला. मी हलले नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला ओळखतच नाही. मग ओठ थरथरले. ताई, काळजाचं पाणी होणं म्हणजे काय ते मला विचार. मी पायाच्या अंगठ्याने बूट तेवढा जरा सरळ करून दिला. (पायांबद्दल काहीच ठरलं नव्हतं.) तर या भवानीने तो ओढून पुन्हा होता तसा वाकडा ठेवला. तिला तो स्वतःच सरळ करायचा होता. तोवर बाकीची पोरंही जमली, आणि हा काहीतरी नवीन खेळ आहे असं समजून सगळी आपापले हात मांडीखाली घेऊन बसली. खोलीत कधी नव्हे ती शांतता झाली. किती वेळ गेला देव जाणे, पण गोगलगायीने बूट घातले. डाव्यातला उजव्यात गेला होता, पण घातले, आणि उभी राहून तिने आमच्या सगळ्यांकडे असं बघितलं की मला रडू फुटलं.

तिला जवळ घ्यायला म्हणून मी उठले, तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. पक्की अडकली होती. हातांना मुंग्या आलेल्या, कंबरेत उसण भरलेली, मी वाकलेली तशीच उभी. मिशीवाल्यांनीही कधी केला नसेल असा चेहरा करून मी सगळ्यांकडे बघितलं. एकही पोर जागचं हललं नाही. सगळ्यांचे हात मांडीखाली. मदतनीस धावली, तेव्हा थांबाबाईंनी तिला अडवलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "जमेल त्यांना."

आधी मला संताप आला. मग खरं सांगते, बरं वाटलं. इतकी माणसं माझ्याकडे बघत बसली होती आणि कुणालाही मी पडेन असं वाटत नव्हतं. मी डावीकडून सुटले, मग उजवीकडून, आणि खुर्ची खाली पडली तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पास झाले. थांबाबाईंनी शेरा दिला की हात आवरतात, पाय अजून आवरत नाहीत. माझी खोली माझ्याकडेच राहिली.

भावोजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र त्यासाठी नाही असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. डॉक्टरांनी तुला पलंगापासून खिडकीपर्यंत एकटीने चालायला सांगितलं आहे ना? मी येते. मदतीला नाही, नुसती समोर बसायला. तुला हवा तेवढा वेळ लागू दे. तू तिकडे धडपडते आहेस आणि मी इकडे दुसऱ्यांच्या लेकरांचे बूट बघत बसले आहे, हे मला सहन होत नाही गं. ये म्हण.

ता. ता. क. भावोजींना सांग, खुर्ची मोठी काढून ठेवा.

ता. ता. ता. क. पाकिटाची एक कड मी कात्रीने आधीच जराशी कापून ठेवली आहे. तुझं तुला उघडता आलं असतं, मला माहीत आहे. पण आता कापून झाली.