पाठ नसलेला झगा

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, हे तुझ्या पत्रात वाचलं. पाय प्लास्टरात आहे, नाहीतर धावत आलो असतो. तिला तो जुन्या सिनेमातला नायिकेचा पांढराशुभ्र झगा एकदा तरी अंगावर घालायचाय म्हणतेस. सिनेमा आला तेव्हा ही बया चादर गुंडाळून जिना उतरायची आणि मला तोंडानं बाजा वाजवायला लावायची!

स्टुडिओचा कपडेपट मोडीत निघालाय. झगा मीच शिवलेला, म्हणून रखवालदारानं घरी आणून दिला. कालच ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर धाडलाय. या पत्राआधीच पोचेल.

एक ध्यानात ठेव, तो पांढरा नाही. खरा पांढरा दिव्यांखाली असा पेटायचा की नटीचा चेहरा काळाठिक्कर दिसे. म्हणून आम्ही कापड चहाच्या पाण्यात बुडवायचो. मळका म्हणून नाक मुरडू नका. रेशीम माझ्यासारखंच म्हातारं झालंय, जपून हाताळा.

तुझा लंगडा मामा

९ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं; झगा परवाच आला होता. आई झोपली होती. मला वाटलं, वर्षानुवर्षांचा मळ बसलाय, उजळून तिला दाखवावा. ब्लीचमध्ये भिजवला. पिळायला गेले तर पाठ चिंध्या होऊन हातात आली. पुढचा भाग तेवढा वाचलाय. आई रोज विचारते, दादाचं पार्सल आलं का गं? मी नाही म्हणते. काय करू?

तुमची करंटी चिमणी

१२ फेब्रुवारी

चि. चिमणे, आधी डोळे पूस.

अगं, सिनेमा म्हणजे पुढून राजवाडा आणि मागून बांबू! कॅमेऱ्याला न दिसणारी बाजू आम्ही टाचण्यांवरच भागवायचो. पुढचा भाग तिच्या अंगावर पसर, कडा अंगाखाली अलगद खोच. टाचणी मात्र नको, बिचारीला टोचेल. निजलेल्या माणसाची पाठ कोण बघतंय? आणि तिला आरसा दाखव हो.

तुम्हा दोघींचा, मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामास शि. सा. न.

आई काल गेली.

सकाळी तुम्ही सांगितलंत तसाच झगा घातला. ब्लीचनं तो खरोखरच पांढराशुभ्र झाला होता. आरशात बघून आई लाजली, मामा. गळ्याच्या झालरीवरून बोट फिरवत म्हणाली, दादाचा टाका लगेच कळतो. मग म्हणाली, मला बसव, पुरती बघू दे. बसवलं असतं तर सगळं गळून पडलं असतं. डॉक्टरांनी मनाई केलीय, असं खोटंच सांगितलं. तिनं पुन्हा विनवलं, आता कसली गं मनाई? मी नाहीच म्हटलं.

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी किती हाका मारल्या. संध्याकाळी गेली, तेव्हाही तोंड भिंतीकडेच होतं.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका.

तुमची चिमणी