तिसरा गिअर आता निसटत नाही

अहो,

तुमचं नाव मी उखाण्यापुरतंच घेतलं, मग आता पत्राच्या डोक्यावर तरी वेगळं काय लिहू? तुम्ही गेल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, मनातलं लिहून काढा, हलकं वाटतं. मी नाही लिहिलं. लिहायला आधी मनात काय आहे ते कळावं लागतं. आज बसले आहे, कारण तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर दुसऱ्या कुणाकडे नाही.

आपली पिकअप आज रशीदभाईंच्या गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली.

हो, विकली नाही. तुषार पुण्याहून रोज फोनवर तेच सांगत होता, "आई, इतक्या जुन्या गाडीवर खर्च करण्यात लॉजिक नाही. एक्स्चेंजमध्ये दे आणि मोकळी हो." पोरगा चुकीचं बोलत नाही. मीटर थकून कधीच थांबलाय, खालचा पत्रा सडलाय, आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीची तारीख जवळ आली की मी कॅलेंडरकडे बघायचंच टाळते. पण मोकळी हो म्हणजे काय हो? मोकळी होऊन मी सकाळी उठून करायचं काय?

तुम्हीच लावलीत ही सवय. कारखान्यातून रिटायर झालात, तर आपल्या अवधपुरी कॉलनीतली बाकीची माणसं बागेत टाळ्या पिटत हसायला जायची आणि तुम्ही ही दुसऱ्याने वापरून टाकलेली पिकअप दारात आणून उभी केलीत. मी कपाळाला हात लावला, तर म्हणालात, "लोखंड आहे, कुंदा. रिपेअर होतं." मग भोपाळच्या करोंद मंडीतून भाजी उचलायची आणि मंडीदीपच्या कारखान्यातल्या कॅन्टीनला पोचवायची, हा आपला म्हातारपणाचा संसार. भाव करायला मी, गाडी चालवायला तुम्ही. तुम्ही कुठला भाव करताय? समोरचा म्हणेल त्याला "ठीक है भैया" म्हणून मान डोलावणार. कांद्यावाला मला बघून तोंड वाकडं करायचा आणि तुम्हाला बघून चहा मागवायचा.

आणि तिसरा गिअर धरायला मी.

हे कुणाला सांगितलं तर हसतील. चढ आला आणि गाडीत माल असला की तिसरा गिअर आपोआप निसटायचा. खट् आवाज व्हायचा आणि गाडी नुसतीच भुंकत राहायची. मग तुम्ही चढाच्या अलीकडे म्हणायचात, "धर." मी उजव्या हाताने दांडा घट्ट दाबून धरायची, तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगला. चढ संपला की म्हणायचात, "सोड." पहिल्या वर्षी हात भरून यायचा. मग तुम्ही "धर" म्हणायच्या आधीच माझा हात जायला लागला. आपण भांडलेलो असलो, सकाळपासून एकमेकांशी अबोला असला, तरी चढावर हात जायचाच. रुसून बसायचीसुद्धा सोय ठेवली नव्हतीत तुम्ही.

तुम्ही गेल्यावर देवेंद्रला ड्रायव्हर म्हणून ठेवला. चांगला माणूस आहे, घरी बायको-मुलं आहेत, मला आंटी म्हणतो. पहिल्या दिवशी मी त्याला गाडीच्या सगळ्या खोडी सांगितल्या. डावं दार थोडं उचलून लावायचं. वायपर पावसात अडला तर हाताने ढकलायचा. थंडीत सकाळी लगेच रेस करायची नाही, ती आधी खोकते. सगळं सांगितलं, पण तिसऱ्या गिअरचं नाही सांगितलं. लपवलं नाही हो! माझ्या डोक्यातच आलं नाही. गाडीतला दोष म्हणून मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. ते माझं काम होतं.

मग पुलाचा चढ आला. मागे टोमॅटो, कोबी, बटाट्याची पोती. इंजिनाचा आवाज बदलला, मला कळलं की आता सुटणार. माझा हात उचललासुद्धा गेला, आणि तिथेच थांबला. गिअरच्या दांड्याला लागून देवेंद्रचा गुडघा होता. परक्या पुरुषाच्या गुडघ्यापाशी मी हात कसा नेऊ? सांगा ना. तोंडाने बोलायचं तर काय बोलू, तेही सुचेना. तेवढ्यात खट् झालं. देवेंद्र गांगरला, गाडी मागे गेली, ब्रेक मेल्यासारखे ढिले लागले आणि मागच्या पपईच्या ठेल्याला धक्का बसला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण रस्ताभर पपया, ठेलेवाला डोक्याला हात लावून उभा, आणि मी पदर सावरत त्या गोळा करते आहे. भोपाळच्या ट्रॅफिकने तेवढा वेळ माझ्या नावाने जो हॉर्न वाजवला, तो तुम्हाला वरपर्यंत ऐकू आला असेल.

देवेंद्र एवढंच म्हणाला, "आंटी, बताना था ना, इसका थर्ड छूटता है."

काय सांगू त्याला? की सुटत नव्हता, मी होते म्हणून?

त्या दिवशी मला तुमचा फार राग आला. असं अर्धं काम शिकवून कुणी जातं का? गाडी तुम्हाला येते, मला नुसतं धरणं येतं. स्टिअरिंगसमोर बसले तर घाम फुटतो. तुषारला काही विचारावं तर तो विकायला सांगतो. दवाखान्यातही मी धरूनच बसले होते. तुमचा हात, माझ्या याच उजव्या हाताने. तिथे धरण्याचा काही उपयोग झाला नाही.

तर गाडी रशीदभाईंकडे नेली. मी म्हटलं, मला काही कळत नाही, करण्यासारखं असेल तेवढंच करा. त्यांनी खाली शिरून, ठोकून, वाकवून सगळं पाहिलं आणि हात पुसत म्हणाले, "भाभीजी, पुरानी गाड़ी में पहले रुकना देखो, फिर चलना, फिर दिखना." म्हणून आधी ब्रेकचे लायनर आणि पाइप बदलले. टायर पुढचे दोन नवे टाकले. क्लच प्लेट झिजून कागद झाली होती, ती बदलली. रेडिएटर साफ केला, सडलेल्या पत्र्याला खालून नवा जोड दिला, हेडलाइट उजेड पडेल असे लावले. रंग मारायचा का विचारलं, मी नको म्हटलं. तुम्ही दारावर हाताने काढलेला तो वाकडा मोर जाईल. त्याला मोर म्हणणारे जगात आपण दोघंच होतो, पण जाईल.

आणि मग मी गिअरचं सांगितलं. सांगताना चोरी पकडल्यासारखं वाटलं. रशीदभाई हसले.

"वो तो मामूली काम है, भाभी. अंदर एक स्प्रिंग और एक गोली घिस गई है. भाईसाब से तो मैं हर सर्विस पे बोलता था."

"फिर?"

"बोलते थे, रहने दो यार. वो है ना पकड़ने वाली."

अहो, मी तिथल्या स्टुलावर बसले आणि त्यांच्याकडून तेच वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं.

हेच विचारायचं आहे मला. का नाही केलंत? इतकी वर्षं चढावर माझा खांदा दुखायचा, रात्री आयोडेक्स तुम्हीच चोळून द्यायचात, आणि दुरुस्ती मामूली होती? तुमचा चिक्कूपणा मला माहीत आहे. तुटलेली चप्पल तारेने शिवणारा माणूस. तुमच्या बाजूच्या सीटची स्प्रिंग वर येऊन टोचायची, तर त्यावर गोणपाट दुमडून बसायचात. तेव्हा म्हणावं, वाचवले असतील चार पैसे.

पण मग माझ्या बाजूच्या सीटला नवा फोम कुणी घातला? मला चढताना त्रास होतो म्हणून दाराशी धरायला लोखंडी दांडी जोडून आणली, उन्हाळ्यात माझ्याच तोंडाकडे वळवलेला छोटा पंखा लावला, ते सगळं फुकट झालं होतं का? माझ्यासाठी एवढं करणाऱ्या माणसाला एक स्प्रिंग जड झाली?

चिक्कूपणा होता की दुसरं काही होतं? आळस होता? की मी घरी बसेन, "आता माझी काय गरज" म्हणेन, अशी भीती होती तुम्हाला? मी तसं म्हटलं असतं हे खरं आहे. मी कितीदा म्हणायची, भाव तर फोनवरही होतो. एकदा तरी सांगायचं होतंत. मी रागावले असते आणि मग धरलंच असतं.

रशीदभाईंना मी क्षणभर म्हणणार होते, राहू द्या ते. पण देवेंद्रच्या घरी लहान मुलं आहेत, आणि त्याच्या शेजारी बसून मला धरता येणार नाही. बदलायला सांगितलं. जुनी स्प्रिंग त्यांनी हातात दिली, नवीन घातल्याचा पुरावा म्हणून सगळ्यांना देतात तशी. करंगळीएवढीसुद्धा नाही हो. घरी आणली आहे. कुठे ठेवायची कळत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून सध्या चहाच्या कपाटात आहे.

गॅरेजमधून येताना मीही गाडीत होते. चढ लागला. गाडी रिकामी, नवा क्लच, तिसरा गिअर लोण्यासारखा पडला. मला ठाऊक होतं की आता तो सुटणार नाही. आणि तरी माझा हात गेला. या वेळी मध्ये थांबलाही नाही, देवेंद्रचा गुडघा, लाज, काही दिसलं नाही त्याला. दांड्यापाशी पोचल्यावर मला भान आलं.

"आंटी, कुछ चाहिए?"

"पानी की बोतल," मी म्हटलं. बाटली माझ्या पायाशीच होती.

मला कळत नाही आता काय करायचं. गाडी किती दिवस चालेल, फिटनेस मिळेल की नाही, तुषार ऐकेल की नाही, यातलं काहीच माझ्या हातात नाही, म्हणून त्याचं वचन देत नाही. एकच देते. चढ आला की या हाताला मांडीवर ठेवायला शिकवीन. ऐकणार नाही तो, तुमच्यावरच गेलाय. मग डाव्या हाताने त्याला दाबून ठेवीन, पूल संपेपर्यंत.

तुम्ही फक्त कधीतरी "सोड" म्हणा. तोवर धरून आहे.

तुमची
कुंदा